‘सैराट’च्या चार गाण्यांत दडलेलं शोधायची कृती

अजय-अतुलची गाणी तुम्हाला तोंडपाठ आहेत, हे धरूनच चालू. खरी अडचण तीच आहे. पाठ झालेलं गाणं आपण ऐकत नाही, त्याच्याबरोबर म्हणत सुटतो. आज तोंड बंद ठेवायचं आणि कान उघडे.

अल्बम एकच घेऊ: ‘सैराट’ या चित्रपटाचा, २०१६. गाणी चार, सगळी मिळून साधारण वीस मिनिटांची. नवख्या हाताला हा बरा पडतो, कारण तो लहान आहे आणि घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. साक्षीदार शोधायला लांब जावं लागत नाही. तुम्ही नांदेडला वजिराबादेत राहत असा की लातूरला गंजगोलाईच्या मागं, कृती तीच. खाली चित्रपटाचा शेवट उघड होणार आहे. ज्यांनी अजून पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून या.

साहित्य: दोनशे पानी वही एक. पेनं तीन, निळं, काळं आणि लाल. पेन्सिल एक. वायरचा हेडफोन. अधिकृत चॅनेलवरची चार गाणी. चित्रपट पाहायची सोय. खेड्यात वाढलेलं एक वयस्कर माणूस. आणि अजय-अतुलचं फारसं कौतुक नसलेला एक मित्र किंवा मैत्रीण. हे शेवटचं मिळायला आपल्याकडं जड जातं, पण त्याच्यावाचून कृती फसते, तेव्हा शोधाच.

बसा. वही उघडा.

१. पहिल्या पानावर तीन रकाने आखा. डावीकडं लिहा ‘पक्कं’, मध्ये ‘पटण्याजोगं’, उजवीकडं ‘माझ्या मनातलं’. कुणालाही कानानं ऐकू येईल, डोळ्यांनी दिसेल किंवा करणाऱ्यानं स्वतः सांगितलं असेल, ते पक्कं. पुराव्यानिशी मांडता येईल ते पटण्याजोगं. बाकी सगळं तिसऱ्यात. ‘त्यांना नक्की हेच म्हणायचंय’ असा चौथा रकाना काढायची हुक्की येईल, ती आवरा.

२. चारही गाणी फोनवर उतरवून घ्या. इंटरनेटवर ऐकत बसलात तर ऐन अंतऱ्यात जाहिरात घुसते आणि लागलेली तंद्री मोडते.

३. फोन विमान मोडवर टाका. रात्री दहाला सगळ्या गटांवर ‘शुभ रात्री’ची फुलं सुरू होतात, म्हणून सांगतो.

४. फोनमधलं इक्वलायझर बंद करा. खर्ज वाढवून ठेवायची आपल्याकडं सवय आहे. वरातीत डीजेवर ऐकलेलं ‘झिंगाट’ या कामाला धरायचं नाही. तिथं छातीत धडका बसतात, पण मागं काय वाजतंय याचा पत्ता लागत नाही.

५. दार लावून बसा. नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला जाताना एसटीत ऐकू, असं ठरवू नका. खिडक्यांच्या खडखडाटात बारीक वाद्यं मरून जातात आणि चाकूर आलं की शेजारचा ‘कुठं उतरणार?’ विचारतो.

६. चारही गाणी ओळीनं, न थांबता ऐका. आत्ता काहीही लिहायचं नाही, पेन हातातसुद्धा नको. ‘शफल’ बंद आहे ना, ते आधी तपासा. क्रम उलटसुलट झाला तर पुढच्या तीन पायऱ्या वाया जातील.

७. आता प्रत्येक गाण्यापुढं फक्त गायकांची नावं लिहा. ‘याड लागलं’: अजय गोगावले. ‘आताच बया का बावरलं’: श्रेया घोषाल. ‘सैराट झालं जी’: चिन्मयी श्रीपदा आणि अजय. ‘झिंगाट’: अजय आणि अतुल, दोघं भाऊ. हे सगळं काळ्या पेनानं, पहिल्या रकान्यात. आठवणीवर जाऊ नका, अल्बमवरची नावं पाहून लिहा.

८. ती नावं वरून खाली मोठ्यानं वाचा. काय दिसतं? आधी एकटा तो. मग एकटी ती. मग दोघं. आणि शेवटी दोघं भाऊ, म्हणजे पोरांचा घोळका. अल्बमची अनुक्रमणिका म्हणून जी यादी तुम्ही इतकी वर्षं खालीवर सरकवत आलात, तिच्यातच गोष्ट आहे: एकतर्फी ओढ, तिचं उत्तर, जोडी जमणं आणि मग ते चारचौघांत येणं. एका शब्दाचाही अर्थ न लावता फक्त गळे मोजून एवढं हाती आलं. थोडं हुरळायला हरकत नाही, पण लगेच स्टेटस टाकू नका. अजून बरंच बाकी आहे.

९. हा शोध योग्य रकान्यात टाका. गायकांचा क्रम पक्का. त्यातून गोष्ट उभी राहते, हे पटण्याजोगं. ‘पुढं काय होणार हे त्यांनी आवाजांच्या क्रमातून आधीच सुचवून ठेवलं’ हे तिसऱ्यात, आणि तेही पेन्सिलीनं.

१०. पहिलं गाणं पुन्हा लावून शब्द स्वतःच्या कानानं उतरवून घ्या. एक ओळ ऐका, थांबवा, लिहा. गीतांच्या तयार संकेतस्थळांवरून उचलू नका. तिथं एकानं चुकीचं ऐकलेलं असतं आणि दहा जणांनी त्याची नक्कल केलेली असते. चुकीच्या शब्दातून काढलेला गूढार्थ फार सुंदर निघतो, हाच त्याचा धोका.

११. न कळलेल्या शब्दांखाली लाल रेघ मारा. कळल्यासारखं वाटतंय, पण नक्की सांगता येत नाही, अशांखालीही मारा. इथं लाज बाळगलीत तर पुढं अडकाल.

१२. लाल रेघेचे शब्द वयस्कर माणसापुढं ठेवा. विचारायची पद्धत महत्त्वाची आहे. ‘आज्जी, याचा अर्थ असाच ना?’ असं विचारलंत तर आजी नातवाचं मन मोडत नाही, ‘असंल की’ म्हणते. त्याऐवजी विचारा, ‘आज्जी, हा शबुद तुम्ही कवा म्हणायचाव?’ मग ती शब्दाबरोबर प्रसंग सांगते, कोण कुणाला रागानं म्हणायचं, कोण लाडानं म्हणायचं, तेही सांगते. आपल्याला हवं ते तेवढंच.

एक लक्षात ठेवा. ही भाषा करमाळ्याकडची, सोलापूर जिल्ह्यातली. दिग्दर्शक नागराज मंजुळे त्याच तालुक्यातले, चित्रीकरणही बरंचसं तिथलंच. उदगीर-निलंग्याच्या बोलीत कन्नड मिसळतं, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू डोकावतं. त्यामुळं आजी ‘आमच्याकडं नाही बाई असं म्हणत’ म्हणाली, तर तेही लिहून ठेवा. तो शब्द मग आणखी जपून वापरायचा.

१३. आजीनं सोडलेले शब्द ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त पाहा. दाते-कर्वे यांचे जाडजूड खंड मोठ्या ग्रंथालयात असतात. इंटरनेटवरही हा कोश शोधता येतो. कोशात एकाखाली एक पाच अर्थ दिलेले असतात. सगळ्यांत गूढ वाटेल तो उचलायचा नाही, ओळीत बसेल तो उचलायचा.

१४. आता निळ्या पेनानं फक्त वस्तूंना गोल करा. प्रेम, जीव, काळीज यांना हात लावू नका, ते प्रत्येक गाण्यात असतात. हाताला लागेल, नाकाला येईल, डोळ्यांना दिसेल तेवढंच घ्या. ‘याड लागलं’मध्ये एका ठिकाणी ऊस आहे आणि त्याच्याच शेजारी कस्तुरी. केलात गोल? छान. इथं जरा थांबू, इथं माल आहे.

१५. प्रत्येक गोलापुढं लिहा: ‘ही वस्तू कुणाची?’ हा साधा प्रश्न चाहते विचारतच नाहीत. कस्तुरीचा अर्थ सगळे लावतात, कारण ती दिसायलाच गूढ आहे. उसाला कुणी विचारत नाही, कारण तो रोजचा. पण लातूरकरांना ऊस काय असतो हे मी सांगायला हवं का? मांजरा कारखान्याच्या पट्ट्यात ज्याच्या नावावर ऊस, त्याच्या शब्दाला वजन. सोसायटीपासून बाजार समितीपर्यंत खुर्च्या कुणाच्या हेही उसावरून सांगता येतं. आता चित्रपट आठवा. परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा. आर्ची पाटलांची लेक, बाप गावातला बडा जमीनदार आणि राजकारणी. मग कस्तुरीचा वास ज्या उसात येतोय, तो ऊस कुणाचा असणार? पोराला सुगंध येतोय, तोही दुसऱ्याच्या मालकीच्या फडातून.

आलं लक्षात? प्रेमगीताच्या आत सातबारा निघाला.

तरीही सावध. गाण्यात मालकाचं नाव नाही, हे मी चित्रपटाशी सांधून म्हणतोय. म्हणून ऊस पहिल्या रकान्यात आणि मालकी दुसऱ्या रकान्यात. तिसऱ्यातसुद्धा ‘गीतकारांनी मुद्दाम’ हे शब्द लिहू नका.

१६. उसाबद्दल शेतातल्या माणसाला विचारून घ्या. ‘मामा, उभ्या उसात शिरलं की वास कसला येतो?’ एवढंच विचारा. तो पाचटाचा म्हणेल, ओल्या मातीचा म्हणेल, पाणी पाळीवर असेल तर आणखी वेगळं सांगेल. कस्तुरीचं नाव तो घेणार नाही. तो फरक वहीत टिपा. प्रत्यक्षातला वास आणि गाण्यातला वास यांत जे अंतर आहे, तेच त्या पोराचं याड. तोडणी जोरात सुरू असताना मात्र विचारायला जाऊ नका, टोळीची गाडी खोळंबते आणि उत्तरही धड मिळत नाही.

१७. एखाद्या प्रतिमेचं जुनं मूळ तपासा. सरावाला सोपं उदाहरण देतो. ‘फँड्री’ चित्रपटाच्या प्रचारासाठी अजय-अतुलनी केलेल्या गाण्यात प्रीतीचा विंचू डसतो. विंचू म्हटलं की पैठणच्या नाथांचं भारूड आठवतंच. तिथं डसणारे काम आणि क्रोध आहेत आणि उतारा सत्त्वगुणाचा. दोन्ही शेजारी ठेवून ऐका. भारुडात विंचू उतरवायची घाई आहे. गाण्यातल्या पोराला तो उतरवायची जराही घाई नाही. असं मूळ हाती लागलं की गाण्याला तळघर सापडल्यासारखं होतं.

इथं घसरण कुठं होते? विंचू दिसला की भारूड, कावळा दिसला की ज्ञानेश्वर, असा सपाटा लावण्यात. एक शब्द जुळणं पुरत नाही. शब्द आणि प्रसंग दोन्ही जुळले तरच मूळ म्हणा.

१८. तिसऱ्या गाण्याच्या नावातल्या शेवटच्या ‘जी’वर बोट ठेवा. पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी उभे असतात, ते ‘जी’ म्हणत ओळ उचलून धरतात. तसला ‘जी’ इथं दोन कोवळ्या जिवांच्या गाण्याला लागलाय. झिलेचा ‘जी’ म्हटलं की ऐकणारा फड आलाच. म्हणजे दोघांना वाटतंय आपण दोघंच आहोत, पण गाणं तर फडासमोर चाललंय. हे पटण्याजोग्या रकान्यात लिहा. ‘जी’ आदरार्थीही असतो, असं कुणी म्हणालं तर भांडू नका, तेही शेजारी लिहा.

१९. आता शब्द सोडून द्या आणि फक्त वाद्यं ऐका. पहिली तीन गाणी पुन्हा लावा. मागं जो व्हायोलिनांचा लोट येतो, तो हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर बसलेल्या सिम्फनी वाद्यवृंदाचा आहे. पुढं करमाळ्याची बोली, मागं कॅलिफोर्नियाचा वाद्यवृंद. प्रत्येक गाण्यात पहिला शब्द यायच्या आधी काय वाजतं, ते लिहा. तंतुवाद्यं कुठं गप्प होतात, तेही लिहा. शब्द आपोआप ओठांवर येतील. आले की जीभ दाताखाली धरा, नाहीतर वाद्यं निसटतात.

२०. मग ‘झिंगाट’ लावा आणि तो लोट तिथं शोधा. किती सापडतो ते तुम्हीच ऐकून ठरवा, मी सांगणार नाही. चार गाण्यांतलं सगळ्यांत लहान गाणं हेच. नाचायला उठू नका. उठलातच तर नाचून घ्या, पाणी प्या आणि ही पायरी पहिल्यापासून करा.

२१. आता चित्रपट लावा. अर्थ शोधत बसायचं नाही, घड्याळ पाहायचं. कोणतं गाणं कितव्या मिनिटाला सुरू होतं, तेवढं नोंदवा. गाणी ओलांडून पुढं जायचं नाही, पूर्ण पाहायचा. तीन तासांच्या आतबाहेर जातात, तेव्हा रविवार धरा.

२२. मध्यंतरानंतरच्या पानावर किती गाणी नोंदली गेली, ते मोजा. पान कोरं आहे? चूक तुमची नाही. चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. दोघं हैदराबादला पळून जातात, झोपडपट्टीत खोली घेतात, भांडतात, कामाला लागतात, संसार मांडतात आणि या सगळ्यात एकही गाणं नाही. नांदेडकरांना हैदराबाद काही परकं नाही. कामाला, दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला आपली माणसं रात्रीची गाडी धरतात. त्या शहराच्या वाट्याला या अल्बमनं एक सूरही ठेवलेला नाही. ते कोरं पान वहीतून फाडू नका, तोही शोधच आहे. अल्बमवर झडप घालणारे चाहते वाजलेल्याचाच अर्थ लावत बसतात. न वाजलेल्याचा लावायला वही लागते.

२३. ‘झिंगाट’चा प्रसंग पुन्हा पाहा आणि घर कुणाचं ते लिहा. वाढदिवस प्रिन्सचा. प्रिन्स म्हणजे आर्चीचा भाऊ. जल्लोष पाटलांच्या दारात. तुमच्या-आमच्या वरातीत, गणपतीत, गॅदरिंगला वाजणारं हे गाणं मुळात त्या दारात नाचलं गेलंय, जिथून पुढं माणसं भेटवस्तू घेऊन येतात आणि जीव घेऊन जातात. प्रिन्सही त्यांच्यात असतो. हे पक्क्या रकान्यात जातं, कारण पडद्यावर दिसतं. लिहून झालं की जरा उठा, पाय मोकळे करा. पुढची पायरी जड आहे.

२४. शेवटची काही मिनिटं हेडफोन लावून पाहा. आवाज वाढवू नका. फोन बिघडलेला नाही, वायरही निघालेली नाही. आवाजच काढून घेतलाय. बाळ घरात येतं, रडतं, आणि त्याचं रडणंही आपल्यापर्यंत पोचू दिलेलं नाही. एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी असताना शेवटाला काहीच ठेवलं नाही, एवढं एकच वाक्य वहीत लिहा. लांबण लावली की ती जागा बिघडते.

२५. आर्चीचं गाणं आणि आर्चीचं वागणं शेजारी ठेवा. चित्रपटात ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पोरांना दम देते. गाण्यात मात्र बावरलेली. दोन आर्च्या कशा? माझं मत सांगतो: गाणं तिच्या आतलं आहे, जे गावाला ती दाखवत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. कुणाचंही असो, जागा तिसऱ्या रकान्यातच.

२६. आता ‘धडक’मधलं हिंदी ‘झिंगाट’ आणि ‘पहली बार’ ऐका. २०१८ चा हा हिंदी अवतार, संगीत पुन्हा अजय-अतुलचंच. ‘पहली बार’ म्हणजे ‘याड लागलं’ची चाल, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, गोष्ट उदयपूरची. चाल तीच असल्यामुळं शब्दांतला फरक उघडा पडतो. तुम्ही निळ्या पेनानं गोल केलेल्या वस्तूंची यादी समोर ठेवा आणि हिंदीत कोणती उरली, कोणती गेली, त्यावर खुणा करा. ऊस राहिला का? पाहा. जी वस्तू नेता आली नाही, ती मुळात त्या मातीची होती असं समजायला हरकत नाही. हिंदीवाल्यांना नावं ठेवत बसू नका, आपल्याला यादी पुरी करायची आहे.

२७. संगीतकारांच्या आणि दिग्दर्शकाच्या मुलाखती आता ऐका. आधी ऐकू दिल्या नाहीत, कारण त्यांनी सांगितलेलंच मग आपल्याला ऐकू येत राहतं. त्यांनी एखाद्या गोष्टीला दुजोरा दिला असेल तर ती उचलून पक्क्या रकान्यात न्या. नाकारली असेल तर खोडू नका, समोर ‘त्यांना अमान्य’ लिहा. करणाऱ्याच्या लक्षात नसलेलंही गाण्यात असू शकतं. मात्र ते ‘त्यांनी लपवलं’ म्हणून खपवायचं नाही.

२८. लपवलेला निरोप आणि सापडलेला अर्थ, दोन्ही वेगळे करा. अमेरिकेतली टेलर स्विफ्ट आपल्या सुरुवातीच्या अल्बमच्या पुस्तिकेत गाण्यांमधली काही अक्षरं मुद्दाम मोठी छापायची. ती जोडली की निरोप तयार. तो खरोखर ठेवलेला निरोप होता, चाहत्यांनी तो शोधला. ‘सैराट’मध्ये असली अक्षरं नाहीत. इथं तुम्हाला जे मिळतंय, तो अर्थ आहे, आणि त्याची जबाबदारी तुमच्याही अंगावर येते. म्हणून गाणी उलटी वाजवून पाहणं, मिनिटांची बेरीज करणं, पोस्टरवरची बोटं मोजणं, हे उद्योग नकोत. बीटल्सच्या १९६९ च्या ‘ॲबी रोड’च्या मुखपृष्ठावर पॉल मॅकार्टनी अनवाणी दिसला, त्यावरूनही तो मेलाय असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं तो गातोय.

२९. वही घेऊन कौतुक नसलेल्या मित्राकडं जा. पहिला आणि दुसरा रकाना वाचून दाखवा. तिसरा दाखवू नका. त्याला एकच काम द्या: प्रत्येक मुद्द्याला ‘कशावरून?’ विचारायचं. तुम्हाला राग येईल, विशेषतः उसापाशी. रागाच्या भरात ‘तुला गाण्यातलं कळत नाही’ म्हणालात तर समजा, तुमच्याकडं उत्तर नव्हतं. चहा तुमच्याकडून.

३०. ज्या मुद्द्याला ‘कशावरून’चं उत्तर देता आलं नाही, तो एक रकाना उजवीकडं सरकवा. पक्क्यातला पटण्याजोग्यात, पटण्याजोग्यातला मनातल्यात. मनातल्यातला कुठंच सरकत नाही, तो तिथं सुखानं राहू शकतो. चाहत्याचा तेवढा हक्क आहे. नुसत्या रागापोटी एखादा मुद्दा पुन्हा डावीकडं आणू नका.

३१. उरलेल्याची स्वच्छ प्रत काढा. प्रत्येक शोधाखाली पुरावा: गाणं, मिनिट, शब्द किंवा प्रसंग. तारीख घाला. एका पानावर एकच शोध. दाटीवाटीनं लिहिलेली वही पुढच्या महिन्यात तुम्हालाच वाचता येत नाही.

३२. ही प्रत दुसऱ्या चाहत्याला द्या, पण त्यानं स्वतः गाणी ऐकल्यावरच. आधी दिलीत तर त्याच्या कानात तुमचाच ऊस उगवेल. त्याला वेगळं काही सापडलं तर तुमच्या वहीत त्याच्या नावानं लिहा.

पुढचा अल्बम निवडताना लहानच निवडा. ‘जोगवा’ घेतलात तर उत्तम: संगीतकार हेच, श्रेया घोषालही तिथं आहे. ‘जीव रंगला’साठी तिला आणि हरिहरनना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. फक्त दोन्ही अल्बम एकाच वेळी उघडू नका, रकाने एकमेकांत मिसळतात. आज रात्री जेवणं उरकली की फक्त सहाव्या पायरीपर्यंत जा, पुढचं उद्या. आणि हेडफोन आत्ताच शोधून ठेवा, घरात तो पोरांच्या दप्तरातच असतो.